एम्प्रेसच्या भोंग्याखालचं नागपूर

अमेरिकेत 1861 साली यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवून धरली. मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जियातल्या मळ्यांत काळ्या गुलामांनी वेचलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचेना. इंग्रज व्यापाऱ्यांनी दुसरीकडे कापूस शोधायला सुरुवात केली आणि त्यांची नजर वऱ्हाडावर आणि वर्ध्याच्या खोऱ्यावर स्थिरावली. हिंगणघाटचा कापूस आधीपासून नावाजलेला होता. आता त्याला सोन्याचा भाव आला. चार वर्षांनी युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईतल्या कितीतरी पेढ्या बुडाल्या. मात्र कापसाच्या ओढीने विदर्भाकडे निघालेली रेल्वे थांबली नाही. 1867 मध्ये जीआयपी रेल्वेचे रूळ नागपूरला येऊन भिडले.

नागपूरच्या उत्तरेला आणि पूर्वेला पसरलेल्या वस्त्यांची गोष्ट सांगताना मला अमेरिकेपासून सुरुवात करावीशी वाटते, ती केवळ कापसाच्या व्यापारामुळे नाही. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्यांची मुलं-नातवंडं पुढे दक्षिणेतले मळे सोडून शिकागो, डेट्रॉइटच्या कारखान्यांकडे गेली, तेव्हा त्यांना कुठलं काम मिळणार आणि कुठल्या गल्लीत घर मिळणार, हे त्यांच्या कातडीच्या रंगावर ठरलं. नागपुरात तेच जातीवर ठरलं. जातीने गिरणीतलं खातं ठरवलं, खात्याने पगार ठरवला, पगाराने वस्ती ठरवली. आणि त्या वस्तीतल्या जमिनीचा कागद राहणाऱ्याच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या झाला नाही. हे घडवायला कोणत्याही एका कायद्याची गरज पडली नाही, म्हणूनच ते सहजासहजी दिसत नाही.

नागपूरचं भोसल्यांचं राज्य 1854 मध्ये डलहौसीने खालसा केलं. 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. राजधानी, रेल्वे आणि कापूस या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आलेल्या जमशेटजी टाटांनी हेरल्या. मुंबईत गिरणी काढायची सोडून ते कापसाच्या शेताजवळ का चालले, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला होता. 1874 मध्ये पंधरा लाख रुपयांच्या भांडवलावर ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन झाली. जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळची, दलदलीची जमीन भर घालून वर आणली गेली. जमशेटजींच्या चरित्रात एका सावकाराची गोष्ट येते. हा माणूस सोनं मातीत घालतोय, असं म्हणून त्याने भांडवल द्यायला नकार दिला होता. पुढे त्यालाच कबूल करावं लागलं, की या माणसाने माती घालून सोनं काढलं. 1 जानेवारी 1877 रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आलं. त्याच दिवशी नागपुरात गिरणी सुरू झाली आणि तिला ‘एम्प्रेस’ नाव मिळालं. सुमारे तीस हजार चात्या आणि 450 माग एवढ्यावर ती सुरू झाली. पुढे एकाच्या पाच गिरण्या झाल्या.

गिरणीचा कारभार बेझनजी दादाभाई मेहतांकडे होता. ते आधी रेल्वेत नोकरीला होते. गिरणीतलं त्यांना काही ठाऊक नव्हतं, पण माणसं आणि माल हलवायचं त्यांना उत्तम कळत होतं. उत्तर नागपुरातल्या बेझनबागेचं नाव त्यांच्यावरून पडलं. जमशेटजी आणि बेझनजींनी 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला, लँकेशायरच्याही आधी, रिंग पद्धतीची नवी कताईयंत्रं मोठ्या प्रमाणावर बसवली. जुन्या यंत्रांपेक्षा ती वेगाने चालत आणि जास्त सूत काढत. पेन्शन निधी, भविष्य निर्वाह निधी, अपघाताची भरपाई या गोष्टी सरकारने सक्तीच्या करण्याच्या कितीतरी आधी या गिरणीने सुरू केल्या. हे खरं आहे आणि ते मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. मात्र गिरणी सुरू झाली त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून कामगारांनी काम बंद केलं होतं, हेही खरं. हिंदुस्थानातल्या पहिल्या गिरणी संपांत त्याची गणना होते.

या कामगारांत महार समाजाचा वाटा मोठा होता. त्याचं कारण गिरणीच्या आधीच्या काळात आहे. विदर्भातले महार नुसते गावकामगार नव्हते. त्यांच्यातल्या हजारो घरांत माग होता. बारीक, रेशीमकाठी लुगडी विणायचे कोष्टी. शेतकऱ्याच्या अंगावरची जाडीभरडी खादी, पासोड्या, धोतरं विणायचे महार. गिरणीच्या सुताने आणि कापडाने पहिला घाव घातला तो या जाड्याभरड्या कापडावर. कोष्ट्यांचं बारीक काम काही काळ तगलं, कारण तसं काम गिरणीला जमत नव्हतं. महारांचं जाडं कापड मात्र गिरणी सहज काढत होती आणि तेही स्वस्तात. घरचा माग थंडावला, तसा विणकर भंडारा, चांदा, वर्धेकडच्या गावांतून निघाला आणि ज्या गिरणीने त्याचा धंदा बसवला होता त्याच गिरणीच्या फाटकावर येऊन उभा राहिला. गावात वतन आणि वेठ होती, शिवाय रोजचा अपमान होता. गिरणीत रोख पगार मिळे, भोंगा झाला की काम सुटे, आणि फाटकातून आत जाताना कोणी जोहार घालायला लावत नसे. त्या पिढीला हा बदल केवढा मोठा वाटला असेल, हे आज आपल्याला पुरतं कळणार नाही.

फाटकाच्या आत मात्र जात पुन्हा समोर येई. महार कामगार घेतला जाई तो मुख्यतः रिंग खात्यात. त्या खात्यात यंत्रांच्या लांबच लांब रांगांमधून दिवसभर फिरायचं. सूत तुटलं की अंगठा आणि तर्जनीत पीळ देऊन ते सांधायचं. बॉबिन भरल्या की उतरवायच्या आणि रिकाम्या चढवायच्या. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवलेली, आणि तिच्यात कापसाचे तंतू तरंगत असायचे. विणाई खात्यातलं काम कापडाच्या मापावर मोजलं जाई, त्यामुळे तिथली कमाई जास्त होती आणि मानही मोठा होता. त्या खात्याचं दार महारांसाठी बंद होतं.

त्यामागचं कारण तपशिलात सांगायला हवं. मागावर धोट्यातली, म्हणजे शटलमधली, कांडी संपली की नवी कांडी घालायची. मग धोट्याच्या बारीक छिद्राला तोंड लावून श्वास आत ओढायचा, म्हणजे सुताचं टोक बाहेर येतं. एकच धोटा पाळीपाळीने अनेकांच्या हातात आणि तोंडात जाई. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आम्ही ओठांना कसा लावायचा, असा सवर्ण विणकरांचा आक्षेप होता. मुकादमांनी तो मानला आणि मालकांनी चालू दिला. या पद्धतीतला खरा धोका वेगळाच होता. सुतावरची खळ, तंतू आणि एकमेकांची थुंकी पोटात जाऊन विणकर आजारी पडत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 मध्ये तोंडाने सूत ओढायच्या धोट्यांवर बंदी घातली. हाताने सूत ओवता येईल असे धोटे निघाले होते. ते मागवायला पैसा लागला असता. माणसाला बाहेर ठेवायला एक पैसाही लागत नव्हता. ज्याच्या बापाने आयुष्यभर घरी माग चालवला, त्याला आयुष्यभर मागापासून लांब ठेवण्यात आलं. नागपूरच्या औद्योगिक इतिहासात याहून मोठा अन्याय मला दिसत नाही.

त्याच सुमाराला अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्याने काय केलं ते याच्या शेजारी ठेवून पाहावं. 1915 मध्ये तिथे कायदाच झाला, की कापडगिरणीत काळे आणि गोरे कामगार एका खोलीत काम करणार नाहीत, एका दारातून आत येणार नाहीत, एका भांड्यातून पाणी पिणार नाहीत. काळ्यांना झाडू, ओझी आणि अंगणातली कामं मिळाली. 1960 च्या दशकात नागरी हक्कांचा कायदा येईपर्यंत चाती आणि माग गोऱ्यांच्याच हातात राहिले. तिथे कायदा करावा लागला. इथे रिवाज पुरला.

मुंबईत हाच प्रश्न 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी मांडला. विणाई खातं अस्पृश्यांना खुलं करा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घालणार नसाल तर माझ्या माणसांना संपात उतरा असं मी सांगणार नाही, असं त्यांनी युनियनच्या पुढाऱ्यांना बजावलं. पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने घातली. मालकांचं उत्तर असं होतं की हा अन्याय असेल तर तो काही आम्ही केलेला नाही. मालकांचं म्हणणं निम्मं खरं होतं. कामगारांचा सोवळेपणा मालकांनी निर्माण केलेला नव्हता. पण स्वस्त मजूर कायमचा स्वस्त राहावा अशी सोय त्यातून होत होती आणि ती सोय ते पुरेपूर वापरत होते. दहा वर्षांनी, फेब्रुवारी 1938 मध्ये, मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. रिंग खात्यातून आलेल्या माणसाला दोन्ही शत्रूंची ओळख वेगळी करून द्यायची गरज नव्हती.

हे कामगार राहायचे कुठे? गिरणीच्या आसपास आणि रेल्वेपलीकडे मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, मोकळ्या जागा होत्या. कामगार तिथे दरमहा जागेचं भाडं देई आणि त्यावर आपल्या हाताने मातीच्या भिंती आणि कौलं किंवा गवत घालून घर उभं करी. घर त्याचं, जमीन दुसऱ्याची. गावाकडे महारवाडा गावकुसाबाहेर होता, इथेही पोटजातीनुसार आणि नात्यागोत्यानुसार वेगळी वस्ती झाली. विहीर वेगळी. मालगुजाराला नळ किंवा नाली करण्याची गरज वाटत नव्हती आणि नगरपालिकेला खाजगी जमिनीत शिरण्याचं निमित्त मिळत नव्हतं. पावसाळ्यात नाग नदी आणि नाले फुगले की पहिलं पाणी याच घरांत शिरे. इंदोरा, पाचपावली, लष्करीबाग, खलाशी लाइन, गड्डीगोदाम, इमामवाडा, जाटतरोडी, रामबाग आणि सीताबर्डीच्या पायथ्याचा महारपुरा या वस्त्या अशा वाढल्या. मोतीबागेतल्या रेल्वे वर्कशॉपमुळे त्यांत रेल्वेच्या कामगारांची भर पडली, आणि ज्यांना दोन्हीकडे काम नाही त्यांच्या घरात बायका-मुलं विड्या वळत बसली. विडीच्या ठेकेदाराने तर कारखान्याचं भाडंही वाचवलं होतं. कामगाराची झोपडी हाच त्याचा कारखाना होता.

एम्प्रेस मिलने या बाबतीतही इतर मालकांपेक्षा पुढचा विचार केला. इंदोऱ्याला सुमारे दोनशे एकर जमीन सरकारकडून भाडेपट्ट्याने घेऊन तिथे आदर्श कामगार वसाहत उभी करायची योजना आखली. कामगाराला आखलेला भूखंड द्यायचा, घर बांधायला गिरणीने कर्ज द्यायचं आणि ते हप्त्याने पगारातून कापायचं. भूखंडाच्या फक्त काही भागावर बांधकाम, उरलेलं अंगण मोकळं, म्हणजे हवा खेळती राहील, असा नियम होता. वस्त्यांतली शाळा, दवाखाना, खेळ अशी कामं वायएमसीएकडे सोपवलेली होती. 1929 ते 1931 या काळात हिंदुस्थानभर फिरलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनने या कामाची दखल घेतली. मुंबईच्या चाळींतली दहा बाय दहाची खोली पाहून आलेल्या कमिशनला इंदोरा बरा वाटला तर नवल नाही.

पण या योजनेचीही एक बाजू कामगारांना लवकरच कळली. घर गिरणीच्या कर्जाने बांधलेलं आणि जमीन गिरणीच्या पट्ट्यातली. संपावर जायचं म्हटलं की नोकरीबरोबर डोक्यावरचं छप्परही टांगणीला लागे. नागपुरात रा. स. रुईकरांच्या नेतृत्वाखाली 1930 च्या दशकात गिरणी कामगारांचे मोठे संप झाले, तेव्हा संपकऱ्यांच्या मनावर हे ओझं होतं. आणि कितीही चांगला हेतू असला तरी भूखंड मूठभरांना मिळाले. बाकीचे मालगुजाराच्या जागेवरच राहिले.

मग शहर सुधारायची वेळ आली. मुंबईत 1896 च्या प्लेगनंतर ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ आला होता. त्याच धर्तीवर 1936 मध्ये कायदा होऊन नागपूर सुधार प्रन्यास आला. लोक त्याला आजही ‘नासुप्र’ म्हणतात. दाट वस्त्या मोकळ्या करणं, जमीन संपादन करून रस्ते, नाल्या, भूखंड आखणं आणि ते विकून पुढच्या योजनेला पैसा उभारणं, असा त्याचा कारभार. या कायद्यात जातीचा उल्लेख कुठेही नाही. भूखंड मात्र पैसा असणाऱ्याला मिळणार होता. रिंग खात्यातल्या पगारात भूखंडाची बोली लावता येत नव्हती आणि गहाण ठेवायला जमिनीचा कागद नसल्यामुळे कर्जही मिळत नव्हतं. शहराच्या पश्चिमेला वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी, व्यापारी यांची रुंद रस्त्यांची नगरं वाढत गेली. रुळांच्या पलीकडच्या जमिनीवर संपादनाची नोटीस लागली तरी पुढची योजना वर्षानुवर्षं कागदावर राहिली. मालगुजार विकू शकत नव्हता, प्रन्यास विकसित करत नव्हता आणि राहणारा माणूस मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिथेच होता. सुधारणा करायला आलेल्या कायद्याने त्याला ‘अनधिकृत’ केलं.

योगायोग असा की याच वर्षांत अमेरिकेतही सरकारी हाताने घरांची वाटणी चालू होती. 1930 च्या दशकात तिथल्या सरकारी गृहकर्ज संस्थेने शहराशहरांचे नकाशे काढले. काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या, म्हणजे इथे कर्ज द्यायला धोका आहे. 1934 मध्ये आलेल्या गृहनिर्माण प्रशासनाने गोऱ्या उपनगरांतल्या कर्जाला हमी दिली आणि लाल भागाला नाकारली. ज्याचं घर वाढलं त्याची संपत्ती वाढली, पोरं चांगल्या शाळेत गेली. ज्याला कर्ज नाकारलं त्याच्या मुलांच्या वाट्याला भाड्याची खोली आणि गळकी शाळा आली. नागपुरात कोणी लाल पेन्सिल हातात घेतली नाही. पण भाड्याने खोली मागायला गेलेल्या माणसाला आधी आडनाव विचारलं जात होतं, गृहनिर्माण संस्था एकेका जातीच्या निघत होत्या आणि प्रन्यासाचा भूखंड पैशावर मिळत होता. शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या मुलालाही पश्चिम नागपुरात घर मिळेना, तेव्हा त्याने इंदोऱ्यातच दोन खोल्या वाढवल्या. म्हणून या वस्त्यांत मजूर, मास्तर, कारकून आणि पुढे प्राध्यापक एकाच गल्लीत राहिले. बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून दोन समाजांच्या स्थितीतलं साम्य नोंदवलं होतं. ते साम्य किती खोल आहे, हे इंदोऱ्यात राहिलेल्या माणसाला नकाशा न पाहताही उमगलं असतं.

या वस्त्यांकडे फक्त दुःखाच्या जागा म्हणून पाहिलं तर त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होतो. एकाच गिरणीत, एकाच पाळीत, एकाच मोहल्ल्यात राहणारी हजारो माणसं संघटित व्हायला किती सोपी असतात, हे नागपूरने दाखवून दिलं. मोहपा इथले किसन फागूजी बनसोडे 1910 पासून वर्तमानपत्रं काढत होते. त्यांतल्या एकाचं नावच ‘मजूर पत्रिका’. नागपूर-कामठीच्या वाटेवर डोक्यावरून ओझी वाहून पोट भरणाऱ्या जाईबाई चौधरींनी शिकून मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. कामठीचे बाबू हरदास विडी कामगारांना संघटित करत होते. ते 1937 मध्ये प्रांतिक विधिमंडळात निवडून गेले आणि 1939 मध्ये पस्तिशीतच वारले. ‘जयभीम’ हे अभिवादन त्यांनी रूढ केलं. जोहाराच्या जागी जयभीम आला तो या कामठी-नागपूरच्या कामगार वस्त्यांतून.

मे-जून 1920 मध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद नागपुरात भरली. जुलै 1942 मध्ये मोहन पार्कवरच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. त्याच परिषदेला जोडून अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची स्वतंत्र परिषद झाली. तिथे मंजूर झालेले ठराव वाचले की वस्तीतल्या बायकांचा दिवस डोळ्यांसमोर येतो. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या बायकांना वर्षाला एकवीस दिवसांची किरकोळ रजा आणि एक महिन्याची हक्काची रजा मिळावी, दुखापत झाली तर भरपाई मिळावी, वीस वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन मिळावी आणि बायका काम करतात तिथे देखरेखीलाही बाईच असावी, अशा त्या मागण्या होत्या. शेवटची मागणी का करावी लागली, हे गिरणीत काम केलेल्या कुठल्याही बाईला विचारावं लागत नव्हतं. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले.

सीताबर्डीच्या महारपुऱ्यात वाढलेले वसंत मून पुढे बाबासाहेबांच्या समग्र लेखनाचे संपादक झाले. त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘वस्ती’ आहे. त्या पुस्तकातलं मुख्य पात्र कोणी एक माणूस नाही, सगळी वस्तीच आहे, तिचे आखाडे, समता सैनिक दल, वाचनालयं आणि भांडणांसकट. 14 ऑक्टोबर 1956 रोजी श्रद्धानंदपेठेजवळच्या मैदानावर लाखो माणसांनी बाबासाहेबांबरोबर बुद्धाचा धम्म स्वीकारला. वामनराव गोडबोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयारी केली, पण त्या दिवसांत गावोगावहून आलेल्या माणसांना भाकरी आणि निवारा दिला तो याच वस्त्यांनी. पांढऱ्या लुगड्यांसाठी आणि धोतरांसाठी पैसे साठवले गेले ते गिरणीच्या, रेल्वेच्या आणि विडीच्या पगारातून. पुढे प्रत्येक मोहल्ल्यात विहार उभं राहिलं. बहुतेक विहारांत बुद्धमूर्तीइतकीच महत्त्वाची असते ती अभ्यासिकेची खोली. वस्तीतली घरं लहान, मुलाला वाचायला जागा नाही, म्हणून ती सामाईक खोली. 1978 मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यासाठी, म्हणजे नामांतरासाठी, नागपूर पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात तरुण पोरं मेली. त्यांचं स्मारक इंदोऱ्यात दहा नंबर पुलाजवळ आहे.

वस्ती अशी घडत असताना तिच्या पगाराचा आधार मात्र खचत होता. जुनी यंत्रं बदलली गेली नाहीत, यंत्रमागाचं स्वस्त कापड बाजारात आलं, मालकांचा जीव दुसऱ्या उद्योगांत रमला. 1986 मध्ये टाटांची कंपनी एम्प्रेसमधून बाहेर पडली आणि राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाने ती चालवायला घेतली. 2002 मध्ये गिरणी कायमची बंद झाली. शहरातली दुसरी गिरणी, मॉडेल मिल, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली होती, तीही थांबली. कामगारांची देणी वर्षानुवर्षं न्यायालयाच्या दारात अडकली. गिरणीच्या जागेवर ‘एम्प्रेस सिटी’ हा मॉल आणि उंच इमारती आल्या. शहराच्या ऐन मध्यावरची, एका शतकात कामगारांच्या श्रमाने मोल वाढलेली जमीन एका व्यवहारात बांधकाम कंपनीच्या हाती गेली. रिंग खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला आपल्या झोपडीखालच्या पाच-सहाशे फुटांचा कागद मात्र त्याच सरकारकडून मिळत नव्हता.

त्याच्या घराला सरकारने नाव दिलं होतं ‘झोपडपट्टी’. 1971 च्या झोपडपट्टी कायद्याखाली वस्त्या ‘घोषित’ झाल्या, नळ-नाल्या काही प्रमाणात आल्या, फोटोपास मिळाले. पण मालकी मिळाली नाही. नासुप्रपेक्षाही जुन्या वस्त्या नासुप्रच्या नोंदीत अतिक्रमण ठरल्या. झोपडपट्ट्यांच्या बाहेर, गुंठा-दोन गुंठे तुकडे विकत घेऊन घरं बांधलेल्यांची गतही फार वेगळी नव्हती. 2001 च्या गुंठेवारी कायद्यानंतर प्रन्यासाने ले-आऊट नियमित करायला घेतले. नागपुरात ‘572’ आणि ‘1900’ हे आकडे म्हटले की कोणालाही कळतं की ले-आऊटांबद्दल बोलणं चाललंय. विकास शुल्क भरायचं, मग ‘आरएल’, म्हणजे भूखंड नियमित केल्याचं पत्र, मिळायचं, मग नकाशा मंजूर, मग बँकेचं कर्ज. आरएल नसेल तर बँक दारात उभी करत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो भरतो. विडीवर किंवा रोजमजुरीवर घर चालवणारी बाई शुल्काचा आकडा पाहून परत येते.

2011 च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या सुमारे चोवीस लाख होती. त्यातला साधारण तिसरा हिस्सा झोपडपट्ट्यांत राहत होता. महापालिकेच्या यादीत अशा वस्त्यांची संख्या चारशेच्या पुढे आहे. पुनर्वसनाच्या नावाखाली टॉवर बांधायच्या योजना आल्या तेव्हा अनेक वस्त्यांनी नकार दिला. त्यांना दहाव्या मजल्यावरचा गाळा नको होता. स्वतःच्या हाताने बांधलेल्या घराखालच्या जमिनीचा पट्टा हवा होता. त्यासाठी मोर्चे निघाले, उपोषणं झाली, वस्त्यावस्त्यांत सभा झाल्या. अखेर 2016 नंतर राज्य सरकारचे निर्णय निघाले आणि नासुप्र, महापालिका आणि नझूल (सरकारी) अशा तिन्ही प्रकारच्या जमिनींवरच्या वस्त्यांत मोजणी सुरू होऊन मालकी पट्टे वाटले जाऊ लागले. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर, ही त्यातली चांगली गोष्ट.

काम अजून पुरं झालेलं नाही. ज्या वस्त्या खाजगी मालकाच्या, रेल्वेच्या किंवा महसूल नोंदीत ‘झुडपी जंगल’ म्हणून लिहिलेल्या जमिनीवर आहेत त्यांची प्रकरणं अडली आहेत. झुडपी जंगलाचा घोळ विदर्भाचाच. मध्य प्रांताच्या काळापासून चालत आलेल्या या नोंदींमुळे जिथे एक झुडूपही उरलेलं नाही, नुसती पक्की घरं आणि सिमेंटचे रस्ते आहेत, तिथली जमीनही वन ठरते. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये या जमिनी वनच असल्याचं सांगून जुन्या वाटपांना नियमांच्या चौकटीत दिलासा दिला. आता पट्ट्यासाठी अर्ज करणाऱ्याला आपण कधीपासून इथे राहतो याचे पुरावे जुळवावे लागतात. आजोबांचं गिरणीचं ओळखपत्र, जुनी वीजबिलं, मतदारयादीतलं नाव, फोटोपास. ओळखपत्रावर खातं लिहिलेलं असतं. बहुतेकांच्या आजोबांचं रिंग.